सबनीस काकांचा धोबी

"आज गव्हर्नरसाहेबांकडे मेजवानी होती. आपल्याला बोलावणं नव्हतं," लिफ्टची वाट बघताना सबनीस काका मला म्हणाले. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत टॅब. इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसमधल्या माझ्या शेजारणीचे, मेधाचे हे वडील, साताऱ्याहून वर्षभरासाठी आलेले. मला वाटलं, झालं, यांचं डोकं फिरलं!

डोकं चांगलं शाबूत होतं. मेधाने त्यांना इथली जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं टॅबवर लावून दिली होती. काकांनी साहेबाच्या राज्यातलं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं एक वर्ष निवडलं आणि एक जानेवारीपासून त्या त्या तारखेचा अंक वाचायला घेतला. उद्याचा अंक आज उघडायचा नाही. त्या वर्षीच्या रविवारी पेपर नसायचा, मग काका भर बुधवारी "आज आमच्याकडे सुट्टी" म्हणत पाय पसरून बसायचे. घोड्यांच्या शर्यती, बंदराबाहेर थांबवलेली आजाऱ्यांची बोट, पावसात बुडालेली क्रिकेट मॅच, सगळं आम्हाला ताजं ताजं मिळायचं.

जुलैत तीन ओळींची बातमी आली. एका हिंदुस्थानी धोब्यावर साहेबाचा कोट चोरल्याचा आळ होता. धोबी म्हणत होता, वाळत घातलेला कोट वाऱ्याने गेला. काकांनी तीस वर्षं साताऱ्याच्या कोर्टात कारकुनी केलेली. त्यांनी लगेच वही काढून खटल्याचा रोजनामा सुरू केला: आरोपी हजर, साहेब गैरहजर, पुढील तारीख.

"तारीख पडली गं!" ते दारातूनच ओरडायचे. "कोट एवढा प्यारा, तर कोर्टात यायला काय धाड भरलीय याला?"

माझी लेक इरा इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आजोबा, जस्ट सर्च लाह!"

"त्या आत बसलेल्याला सर्च करता आलं का गं?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच बोलले, "नोकरीत नवा होतो तेव्हा एका न्हाव्याची तारीख मी चुकीची लिहिली. आठ दिवस जास्त आत राहिला बिचारा. सुटल्यावर मलाच नमस्कार करून गेला. हा धोबी सुटलेला मला बघायचाय."

मला कुठला धीर! ऑफिसात डबा खाता खाता मी डिसेंबरपर्यंतचे अंक चाळून काढले. सप्टेंबरातल्या तारखेनंतर धोब्याचं नावही नव्हतं. शर्यतींना तीन तीन कॉलम आणि त्या गरिबाच्या निकालाला एक ओळ नाही! असा संताप आला म्हणून सांगू. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. काका रोज आशेने टॅब उघडत होते आणि मी लिफ्टमध्ये त्यांची नजर चुकवत होते.

एकतीस डिसेंबरचा अंक त्यांनी आमच्याच डायनिंग टेबलावर वाचला. दोन दिवसांनी त्यांचं साताऱ्याला परतायचं विमान होतं. मला राहवेना. "काका, मी आधीच बघितलं होतं," मी म्हटलं. "निकाल छापलेलाच नाही हो कुठे."

मला वाटलं, म्हातारा खचणार. काका चक्क हसले.

"अगं वेडे, मग सुटलाच की तो! शिक्षा झाली असती, तर साहेबाच्या पेपराने छापल्याशिवाय सोडलं असतं होय? साहेब हरला, म्हणून अळीमिळी गुपचिळी!"

त्यांनी वही उघडून वळणदार अक्षरात लिहिलं: आरोपीस निर्दोष सोडण्यात येत आहे. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"तुम्हीच करा ना सही," मी म्हटलं.

"छे छे! कारकुनाने निकालावर सही करायची नसते. आज जज्ज तू."

मी सही केली. काका खुर्चीला धरून उठले, ताठ उभे राहिले आणि बंद दाराकडे बघून मायेने म्हणाले, "जा रे बाबा, घरी जा आता."