पार्लानो, पार्ल्यामो आणि वंदनाचं माहेर

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. आणि गंमत बघा, आठवलं की आधी हसूच येतं. मग कानकोंडं व्हायला होतं.

लोणारचं तळं बघायला येणारे परदेशी पाहुणे आमच्या घरी उतरतात. म्हणून मी मोबाइलवर इटालियन शिकायला घेतलं. शिकवणाऱ्या बाई तिकडच्याच, गोड स्वभावाच्या. क्रियापदं तोडून म्हणायची आणि आवाज भरून त्यांना पाठवायचा. ‘ते बोलतात’ — पार्-ला-नो, जोर पहिल्यावर. ‘आम्ही बोलतो’ — पार्-ल्या-मो, जोर मधल्यावर. मेली माझी जीभ, दोन्हीकडे मधेच जोर द्यायची!

आणि वंदना — माझी धाकटी जाऊ, संग्रामपूरची — शेजारी भाकर थापता थापता तेच म्हणायची. जिथे जोर तिथे परातीत दणका, बाकी हलक्या थापा. काय झोकात म्हणायची! आम्ही दोघी हसून हसून लोळायचो, तव्यावरची भाकर करपायची. एकदा म्हटलं, म्हण गं, फोन चालतो का बघते. तिनं म्हटलं. मी तिला न सांगता पाठवून दिलं — माझ्या नावावर. पुढे नेहमीच. का? बाई कौतुक करायच्या ना! कुणाला नको असतं?

मग बाईंनी कळवलं, भारतात येतेय — तळं बघायला, आणि तुझा आवाज समोर बसून ऐकायला. आता समोर बसून कुणाचा आवाज ऐकवणार? मी वंदनाला नवी साडी घेतली, म्हटलं, जा, माहेरी राहून ये. अशी हरखली ती! सासूबाई म्हणाल्या, मन मोठं आहे हो तुझं. मन कसलं मोठं? तिला घरातून हलवायचं होतं मला.

बाई आल्या. मी घसा बसल्याचं सोंग केलं. त्यांनीच मला आलं घालून चहा करून दिला. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागून घेतला. इतकं हसणं आमच्या घरात क्वचितच झालं असेल. जाताना म्हणाल्या, त्या आवाजात फार आनंद आहे, जप हो त्याला. मी मान डोलावली — हो, डोलावली.

वंदना परतली ती माझ्यासाठी लाडवांचा डबा घेऊन. आल्यागेल्याला सांगते, अशी जाऊ नशिबानं मिळते. आणि भाकर थापताना तिचं पार्-ला-नो सुरूच. परवा मधेच थांबली, म्हणाली, “ताई, त्या बाईनं माहा आवाज आयकला असता, त हसली असती का वो मले?”

मी तव्यावरची भाकर उलटली. म्हटलं, “हो. हसली असती.”

तीही हसली. पुढची भाकर तिनं पार्-ला-नो न म्हणताच थापली.