रिकाम्या वाडीतला धूर

सोमीच्या बैठकीत गप्प बसायची सोय नव्हती. सगळे उठायला लागले की ती कोपऱ्यातल्या म्हातारीकडे बोट दाखवायची. “ही काय बोलली नाय. हिचं झाल्याबिगर कोन उठायचं नाय.” म्हातारी नुसती खोकली तरी चालायचं, पण का खोकलीस, हे सोमी विचारून घ्यायची. तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती.

मला मात्र तिने कधी बोलायला सांगितलं नाही. वेळच आली नाही. नव्वदच्या आसपास मी पनवेलहून सायकल मारत शिरढोणच्या अलीकडच्या त्या कातकरवाडीत साक्षरतेचा वर्ग घ्यायला जात असे. राज्यशास्त्राचा ताजा बी.ए.! पहिल्याच दिवशी ‘शोषण’ या विषयावर तासभर बोललो. सोमीने शांतपणे विचारलं, “मास्तर, दमला असाल. आता आमी बोलू?” तेव्हापासून वर्ग तिचा झाला आणि मी मागच्या बाकावरचा विद्यार्थी. बाक नव्हता, हा भाग वेगळा.

वाडीखालची जमीन मालकाने एका शेठला परस्पर विकली होती. पनवेलच्या आसपास तेव्हा दगडधोंड्यालासुद्धा भाव आला होता. शेठचं म्हणणं, इथे कोणी राहतच नाही. खरंखोटं पाहायला कचेरीतला साहेब दिवाळीनंतर येणार होता. आणि दिवाळीनंतर तर अख्खी वाडी पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वीटभट्टीवर जायची. न जाऊन खाणार काय? सोमीने बैठक घेतली. एकेकाला बोलतं केलं. सगळे एकच बोलले, “जावं तर लागंल.”

वाडीत उरली सोमी आणि ती खोकणारी म्हातारी. पण सोमीने हार मानली नाही. सकाळ-संध्याकाळ ती प्रत्येक झोपडीत शिरून चूल पेटवू लागली. “रस्त्यावरून धूर दिसला पायजे. धूर हाय म्हंजे मानूस हाय.” मीही मदतीला गेलो. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, मिशी अर्धी जळाली, चूल ढिम्म. सोमी दारातून म्हणाली, “मास्तर, शोषणावर बोला थोडं. आपोआप पेटंल.”

एका सकाळी साहेबाची जीप आली. झोपड्याझोपड्यांतून धूर निघत होता. साहेब चमकला. मी मनातल्या मनात विजयसभेचं भाषण सुरू केलं. साहेब एका झोपडीत वाकला, मग दुसरीत, तिसरीत. बाहेर येऊन म्हणाला, “चुली पेटल्यात. पण एकीवरही भांडं कसं नाही?”

एका घराला एकच भांडं. ते माणसांबरोबर भट्टीवर गेलं होतं. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो, “आज सगळ्यांची एकादशी आहे.”

साहेब खो खो हसला. “कातकरी कधीपासून एकादशी धरायला लागले हो?”

सोमी हसली नाही. “भांडं मान्साबरोबर गेलंय साहेब. मानूस परत येनार हाय.” साहेबाने मान हलवली आणि कागदावर ‘वस्ती नाही’ असं लिहून तो निघून गेला. होळीच्या आधीच घरं पाडायचं यंत्र आलं. सोमी त्याच्यापुढे आडवी पडली, तिला उचलून बाजूला ठेवलं. दुपारपर्यंत वाडीच्या जागी नुसती माती होती.

त्यानंतर ती पायी भट्टीभट्टीवर फिरली. घर पडल्याचं सांगायची आणि तिथेच बैठक घ्यायची. रडायला परवानगी होती, गप्प बसायला नव्हती. तिची वाडी परत मिळाली नाही. आज तिथे इमारत आहे आणि तिच्या फाटकावर ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी आहे.

काही वर्षांनी ती दुसऱ्या एका वाडीत भेटली. तिथलीही माणसं भट्टीवर गेलेली. पण प्रत्येक घरात एक पोरगी मागे राहिलेली आणि प्रत्येक चुलीवर एक भांडं. मी कुतूहलाने झाकण उचलायला गेलो आणि बोटं भाजून घेतली. आत नुसतं पाणी खदखदत होतं.

“तांदूळ?”

“भट्टीवर,” सोमी म्हणाली. “सायबाला भांडं पायजे होतं ना? ते हाय.”

संध्याकाळी पोरींची बैठक झाली. शेवटी सोमीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

“मास्तर, आज तुमी ऱ्हायलात.”

मी नुसता खोकलो. तिने का ते विचारलं नाही.