दाजींची पोत्यांची वही

दाजींकडे गेलं की ते आधी खिडकी लावून घेत आणि मग अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजत. मुंबईच्या गोदीतली कारकुनी संपवून ते मालवणजवळच्या आमच्या वाडीत परतले, तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, हद्द बंद होती आणि विधुर दाजींना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी हेर शोधायला घेतला.

शेजारचा इनास पाववाला आयताच सापडला. त्याची बहीण गोव्यात अडकलेली. तिची रोमन अक्षरांतली पत्रं हद्द ओलांडणाऱ्या कोणाकोणाच्या हाती येत. शिवाय इनास पिठाची पोती धुऊन समुद्राकडच्या दांडीवर वाळत घाली, कधी दोन, कधी पाच. हा बोटींना इशाराच, असं ठरवून दाजींनी त्याचे पाव बंद केले. पोत्यांचा मेळ लागावा म्हणून बोटी कधी येतात, नाक्यावरचे शिपाई कधी बदलतात, हेही ते वहीत टिपू लागले. "मास्तर, कायदो वाचलात काय? हेरगिरीक चौदा वर्सां!" हे मला रोज ऐकावं लागे. मी गावच्या शाळेत मास्तर. कायदा वाचला नव्हता, पण इनासचे पाव खात होतो, म्हणून गप्प बसे.

अखेर गुप्त तक्रार करायचं ठरलं. पण देवाला न सांगता आमच्याकडे कोण कामाला निघतो? दाजींनी देवळात नारळ ठेवला आणि देवळाचा मानकरी असलेल्या गावकाराने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! जो कोण ह्या किनाऱ्याची गुपितां लिवन ठेवता, तेका आजच्या आज चौकीत बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेला गाव ओरडला. पावांची टोपली घेऊन वाटेवर थांबलेला इनास सगळ्यांत मोठ्याने.

चौकीत मी सोबत होतो. फौजदाराने वही सावकाश वाचली. "बोटींच्या वेळा, शिपायांच्या पाळ्या. आजोबा, शत्रूच्या उपयोगी पडतील अशी टिपणं ठेवणं हाच गुन्हा आहे. कोणासाठी करता हे?"

चौदा वर्षं दाजी मनातल्या मनात स्वतःच्या वयात मिळवत असावेत. देवाने गाऱ्हाणं शब्दन्‌शब्द ऐकलं होतं.

फौजदाराने इनासला बोलावलं. तो नुसता गप्प राहिला असता तरी दाजी अडकले असते. त्याने टोपी काढली.

"सायबांनू, दाजी हेर नाय. माझी पोती मोजतत, कित्याक तर घरात बोलाक दुसरा कोण नाय. सोडा तेंका."

फौजदाराने वही ठेवून घेतली, दाजींना सोडलं. मला माझ्या गप्प बसण्याची फार लाज वाटली. वाटेत दाजी म्हणाले, "इनास, उद्यापासून माका दोन पाव टाक रे."

गोवा सुटला. इनासची बहीण आली, तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर दाजी इनासच्याही आधी हजर होते.

पुढे काही वर्षांनी दाजी गेले. त्या दिवशी इनासने भट्टी पेटवली नाही. सकाळी सवयीने मी दांडीकडे पाहिलं. एकही पोतं नव्हतं. तो इशारा मात्र अख्ख्या वाडीला कळला.