आंबट बिअर आणि मुरड्याचं तोंड

बाकीची पोरं जन्मतात तेव्हा रडतात. हा जन्मला तेव्हा त्यानं नाक मुरडलं असणार, याबद्दल त्याच्या मित्रांच्या मनात शंका नव्हती. म्हणून त्याचं नाव मुरड्या. नाव शाळेत पडलं ते टक्कल पडलं तरी टिकलं. त्याला हॉटेलातल्या ग्लासाच्या कडेला दुसऱ्या कुणाच्या ओठांचा वास येई, लिफ्टमध्ये आधीच्या माणसाच्या जेवणाचा येई, आणि नवाकोरा टॉवेल तर धुतल्याशिवाय तो तोंडाजवळही नेत नसे. आता अशा माणसानं धंदा कसला करावा? तर लाँड्रीचा! लोकांच्या घामट कॉलरी, काखा, तान्ह्या बाळांच्या ओकाऱ्या, सगळं याच्या हातून जाणार. देवाला विनोद कळतो याचा याहून सबळ पुरावा माझ्याकडे नाही.

किळस त्याच्या पोटात राहतच नसे. ती आधी नाकावर यायची, तिथून जिभेवर, आणि जिभेला त्याच्या हाड नव्हतं. बायकोनं सगळा संसार त्या नाकासमोर रांधला. ताट वाढलं की ती नाकाकडे बघत उभी राहायची. एकच सुरकुती पडली तर स्वयंपाक उत्तम झाला असं समजायचं. याहून मोठं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नाही, आणि तिनंही वाट बघणं केव्हाच सोडलं होतं.

लेक मात्र बापाच्या वळणावर गेलेली. लहानपणी शाळा सुटली की दुकानाच्या काउंटरवर पाय हलवत बसायची आणि बापाबरोबर डाग ओळखायची. हा चहाचा, हा औषधाचा, आणि हा... ई, बाबा, हा नको! मग दोघंही एकसारखीच तोंडं वाकडी करून हसायची. त्या हसण्यावर त्याचा दिवस निघायचा.

मग लेकीनं एक मुलगा घरी आणला. बिअरच्या कारखान्यात भिजवलेल्या धान्याच्या कोठीवर कामाला होता. बिचारा धुतलेला शर्ट घालून आला होता, बोलायलाही बरा होता. सगळे जेवायला बसले, आणि मुरड्याचं नाक वर झालं. "ह्याच्या अंगाला ओल्या पोत्याचा वास येतो," हा म्हणाला. मुलाच्या तोंडावर. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. लेक उठली, त्याचा हात धरून बाहेर पडली, लग्नही दोघांनी परस्पर उरकलं, आणि त्यानंतर तिनं बापाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. दोन वर्षं आई तेवढी जाऊन-येऊन होती. हा घरात लेकीचं नाव काढत नसे. जेवताना मात्र अर्ध्या ताटावरून उठू लागला होता.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून तीन मित्र बसायचे. मुरड्या, शेजारचा टेलर आणि शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. प्रत्येक वेळी एक नवी बिअर आणायची आणि तिचा निकाल लावायचा. नियम कडक होते. पहिला घोट मुकाट्यानं घ्यायचा. थुंकायचं नाही. मग मत द्यायचं आणि बाटलीच्या गळ्यात लाँड्रीचीच चिठ्ठी बांधायची. पांढरी म्हणजे कपडा तयार, खुशाल अंगात घाला. पिवळी म्हणजे अजून एक धुणं लागेल. लाल म्हणजे डाग निघणार नाही, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. आजवरच्या बहुतेक बाटल्या मुरड्याच्या हातून लाल चिठ्ठी घेऊन गेल्या होत्या.

त्या रविवारी दुपारी निघताना बायकोनं त्याला दारात अडवलं.

"अहो, आज ती येणार आहे दुकानात. टेलरभावजींना बाजारात भेटली होती, त्यांनीच बोलावलंय. दोघं मिळून स्वतःची बिअर करतात हल्ली. नाताळच्या सुट्ट्यांसाठी काहीतरी मसाल्याची केलीय, ती तुम्हाला चाखायला आणणार आहे."

त्यानं पायातली चप्पल परत काढली. "माझ्यासाठी आणणार आहे?"

"हो. आणि हे बघा, तुमच्या पाया पडते, आज तेवढं तोंड सरळ ठेवा. तोंड वाकडं केलंत तर पोर पुन्हा दिसायची नाही."

हे तिनं सांगायची गरज नव्हती. परत आत जाऊन, मोरीतल्या आरशासमोर उभं राहून त्यानं नाक सरळ ठेवायचा सराव केला. जमत नव्हतं. नाक नुसत्या विचारानंच वर जात होतं.

लेक आली. थोडी वाळली होती. "काका, बरे आहात ना?" असं टेलरला आणि मास्तरांना विचारलं. बापाला काही विचारलं नाही. बाटली इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि खांद्यावरची बॅग न काढता उभी राहिली. टेलरनं बूच काढलं. फस्स झालं आणि फेस असा उसळला की टेबलावरची चादर भिजली. रंग नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी आल्यावर पहिलं येतं तसा, गंजका. आणि वास! मुरड्याला तो दोन हातांवरून आला आणि त्यानं पायाची बोटं चपलेत गच्च आवळली.

पहिला घोट. नियमाप्रमाणे मुकाट्यानं.

ती बिअर मुद्दामच आंबट केलेली होती, पण हा आंबटपणा नव्हे, दातांवरून कानस फिरावी तसा प्रकार होता. त्यामागून लवंग आली, तीही एकटी नाही, भाऊबंदांसकट. मग दालचिनी, जायफळ, संत्र्याची कडू साल, आणि या सगळ्यांच्या मागून, दार न वाजवता, रात्रभर मशीनमध्ये विसरलेल्या कपड्यांचा कुबट वास. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. टेलर छताकडे बघून काहीतरी आठवू लागला. मुरड्याचा घोट अर्ध्या वाटेवरून परत फिरला, आणि त्यानं तो नुसत्या बापपणाच्या जोरावर खाली ढकलला.

"वेगळी आहे," टेलर म्हणाला.

"धाडसी," मास्तर म्हणाले, आणि ग्लास जरा लांब सरकवला.

लेक बापाकडे बघत होती. त्याच्या नाकाकडे.

"छान आहे," मुरड्या म्हणाला. नाक सरळ होतं. त्यापायी मान आखडली होती, पण नाक सरळ होतं. "फार छान झालीय." आणि त्यानं पांढरी चिठ्ठी उचलून बाटलीच्या गळ्यात बांधली.

लेकीचा चेहरा पडला. तिनं ती चिठ्ठी सोडली आणि टेबलावर टाकली.

"छान ऐकायला मी इथवर आले नव्हते, बाबा. छान म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. शेजारीण छान म्हणते, दुकानदार छान म्हणतो आणि पुन्हा मागवत नाही. काहीतरी चुकतंय, काय ते आम्हाला कळत नाही. म्हटलं, जगात एक माणूस आहे, जो तोंडावर थू म्हणेल. तो पण आता छान म्हणायला लागला." तिनं बाटली उचलली. "जाते मी."

"थांब," मुरड्या म्हणाला.

आणि मग त्यानं नाक मोकळं सोडलं. इतका वेळ दाबून धरलेलं ते नाक असं वर गेलं की भुवया कपाळात शिरल्या.

"घाण आहे! अगं, पाप आहे हे! ही बिअर आहे की दातांच्या डॉक्टरचा कापसाचा बोळा? आंबट म्हणजे किती आंबट, माझी दाढ हलली! दालचिनी म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि ते जायफळ कशाला आलंय, त्याला कुणी बोलावलं होतं? आणि खाली कुबट वास येतोय तो वेगळाच. बाटल्या ओल्याच भरल्यात तुम्ही! गिऱ्हाइकानं असा शर्ट माझ्याकडे आणला असता तर मी चिमट्यानं धरून परत दिला असता!"

"अजून?" लेक म्हणाली. बाटली पुन्हा टेबलावर आली होती.

"अजून काय, ढेकर येतोय तोही लवंगेचाच येतोय!" त्यानं पुन्हा एक घोट घेतला, अंगावर काटा आला, शिसारीनं डोकं हलवलं आणि वर आणखी एक घेतला. मास्तर हसत सुटले होते. लेकीचेही ओठ हलू लागले होते, आणि ते बघून याला आणखी चेव आला. "ही लवंग ज्या गाढवानं घातली ना, त्याला..."

"त्यानं घातली," लेक म्हणाली.

टेलरनं ग्लासात डोकं घातलं.

"मी चारच म्हणत होते. त्यानं मूठभर टाकली."

मुरड्याच्या जिभेवर काय काय आलं असेल ते सांगायला नको. जावयासाठी दोन वर्षं मुरवलेलं होतं सगळं. लेकीचा हात बॅगेच्या पट्ट्यावर गेलेला त्याला दिसला. त्यानं ते सगळं गिळलं. बिअरपेक्षा ते जड गेलं.

"त्याला सांग..." तो म्हणाला आणि थांबला. "नको, तू नको सांगू. त्यालाच घेऊन ये पुढच्या रविवारी. आधी मी त्या पोत्याचं बोलतो, मग लवंगेचं."

"पोत्याचं तो कधीच विसरलाय, बाबा. उलट हसतो त्यावर," लेक म्हणाली. "मी नाही विसरले. ते माझ्याशी बोला."

टेलर आणि मास्तर दोघंही एकदम उठले आणि शटरखालून वाकून बाहेर काहीतरी बघायला गेले.

"चुकलो," मुरड्या म्हणाला. मग हे पुरलं नाहीसं वाटून पुन्हा म्हणाला, "फार चुकलो गं पोरी. तू गेल्यापासून मला घरातल्या अन्नाचीसुद्धा किळस येते."

लेकीनं खांद्यावरची बॅग काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.