कोरड्या टेकडीचं बी

रोपवाटिकेत तिला सगळे थैलीमावशी म्हणत, कारण मातीच्या थैल्या तिच्याइतक्या झपाट्याने कुणी भरत नसे. सव्वीस वर्षं ती जवळच्या रानातलीच जांभळं वेचून रोपं करत आली होती. तिने लावलेल्या झाडांवर हिरवी कबुतरं उतरतात, हे ती येईल त्याला ऐकवी.

त्या वर्षी नव्या मॅडमनी तिच्यापुढे तीन पोती टाकली. "मावशी, रानातलं बी राहू द्या. हे खालच्या कोरड्या टेकड्यांवरचं जांभूळ. इथला उन्हाळा वाढत चाललाय, आणि तिथलं झाड उन्हाला सरावलेलं आहे."

"बरं," मावशी म्हणाली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या टेकड्यांवर धड गवत उगवत नाही, तिथे जांभूळ कुठून येणार?

तिचा नवरा रोपवाटिकेचाच ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "असेल बाईंचा कुणी पाहुणा बियाण्याच्या धंद्यात. तुला काय करायचंय?"

दुसऱ्याच दिवशी त्याची खेप त्या बाजूला होती. मावशी शेजारी चढून बसली आणि थेट टेकडीपाशी उतरली. जांभळं होती. खुरटी, वाकडी, पण होती, आणि बुलबुल त्यांवर भांडत होते. तिथला राखणदार म्हणाला, "तुमच्या मॅडम चार दिवस स्वतः बी वेचत होत्या. पायाला फोड आले तरी ऐकेनात."

म्हणजे बी खरं होतं. पण एवढं राबायचं कशासाठी? मावशीला ते आणखीच खटकलं. तिने कुणाला न सांगता शेडमागे दोनशे थैल्यांत टेकडीचं बी टोचलं आणि दोनशेंत आपल्या रानाचं. पाणी दोन्हींना सारखंच.

पुढच्या उन्हाळ्यात टाकी आटली. नऊ दिवस पाण्याचा थेंब नाही. दहाव्या दिवशी तिने मोजलं: टेकडीची एकशे चाळीस जिवंत, आपली एकतीस. पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"मावशी, हे काय?" मागे मॅडम उभ्या होत्या.

"तुमच्यावर विश्वास नव्हता. करून पाहिलं. तुमची एकशे चाळीस तगली, आपल्या रानाची ही एकतीस."

मॅडम रागावल्या नाहीत. उकिडव्या बसून एकेक पान उलटून पाहू लागल्या. "ही एकतीस मला हवीत. आपल्याच रानाची, आणि तरी तगलीत."

"कुठे लावणार?"

"रानाच्या वरच्या कडेला. तिथली जांभळं वाळली आणि कबुतरं गेली."

"मग मीच लावीन," मावशी म्हणाली. "थैल्या दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही."

पावसात तिने ती स्वतः लावली. फळ धरायला आठ-दहा वर्षं लागणार, तोवर ती निवृत्त झालेली असेल. तरी दर आठवड्याला ती न सांगता रानाच्या त्या कडेला जाई. एकदा तिथे मॅडमच भेटल्या, बोटाने रोपं मोजत.

"माझी एकतीस भरली," मॅडम म्हणाल्या. "तुमची?"

मावशीने आधी स्वतः मोजून घेतलं, मगच मान डोलावली.