गणाच्या पोटातला दगड

दगड घडवताना कपच्या पायाशी कधी साठतात, कळत नाही. किस्सेही तसेच. माणगावजवळ रस्त्याकडेला आम्ही चौघे पाटे-वरवंटे घडवतो. त्यात मी सगळ्यांत म्हातारा. यंदाच्या साऱ्या कपच्या मात्र आमच्यातल्या एकट्या गणाच्या!

*

गणाच्या मुलीचं, सुनीताचं, लग्न महिन्यावर आलेलं. लग्नाची हळद बापानं घडवलेल्या जात्यावर दळायची, ही आमच्यातली रीत. जातं निम्मं झालं आणि गणा कंबर धरून खाली बसला.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शब्द होता, कॅल्क्युलस. डॉक्टर म्हणाले, "मूतखडा. भरपूर पाणी प्या. पंधरा दिवसांत पडला नाही तर ऑपरेशन. मग दोन महिने हातोडा बंद!"

मी म्हटलं, "जातं मी पुरं करतो."

"काका, पोर माझी हाय."



*

सुनीता कॉलेजात शिकते. तिनं त्या शब्दाचा अर्थ शोधून काढला. "बाबा, लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा. पूर्वी लोक खडे मांडून मोजायचे, म्हणून गणिताच्या एका शाखेलाही तेच नाव पडलं."

गणितापायी गणानं चौथीतच शाळा सोडलेली. कळ दाबत म्हणाला, "एवढ्या वर्षांनी पत्ता काढत आलं म्हण की!"

*

दगड आम्ही वाजवून घेतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर आत चीर. तपासताना डॉक्टरांनी गणाच्या पाठीवर हलकेच बुक्की मारली.

गणानं काळजीनं विचारलं, "आवाज कसा आला?"

*

डॉक्टरांनी बजावलं, "लघवी गाळून बघा. खडा पडला की तपासायला घेऊन या."

गणाची बायको कडाडली, "माझ्या चहाच्या गाळणीला हात लावायचा न्हाय!" आणि संध्याकाळी बाजारातून स्वतःच नवी गाळणी घेऊन आली.

*

बाराव्या दिवशी गणा पळतच आला. मुठीत कागदाची पुडी. आत मोहरीपेक्षा जरासा मोठा खडा.

"काका, पडला!"

माझे डोळेच भरून आले.

आमच्याकडे नवा दगड आला की पहिला ठोका म्हाताऱ्याचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खडा पाट्यावर ठेवला, सगळ्यांत लहान हातोडी घेतली, कान जवळ नेला आणि मायेनं एकच ठोका दिला.

पीठ!



"गणा, डॉक्टरला आता काय सांगायचं रे?" मी कसंबसं म्हटलं.

गणानं निम्मं जातं पुढ्यात ओढलं, टाकी उचलली.

"सांगतो, कच्चा निघाला!"