काळ्या कुत्र्याचा खुबा

नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मंद्रूपला जनावरांचा दवाखाना होता. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं छप्पर. मागच्या खोलीत मी राहायचो. बाजाराच्या दिवशी बैल, म्हशी, शेळ्या यांची रीघ लागायची. कुत्रं मात्र कोणी आणत नसे. कुत्र्यालाही डॉक्टर असतो हेच लोकांना हास्यास्पद वाटायचं.

माझा राग मात्र आसपासच्या सगळ्या गावांत प्रसिद्ध होता. जनावर लंगडलं की सळई तापवून सांध्यावर डाग द्यायचा, ही तिकडची जुनी रीत. ताजा डाग दिसला की माझं डोकं सटकायचं. मालकाला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचो. एका म्हाताऱ्याला तर मी त्याच्या बैलासमोर अर्धा तास उभं करून ऐकवलं होतं. बिचारा बैलही कंटाळला.

ज्वारीची काढणी उरकली की सांगोल्याकडचे मेंढपाळ आमच्या बाजूला उतरत. शेतकरी रिकाम्या रानात त्यांच्या मेंढ्या रात्री बसवून घेत, म्हणजे शेताला आयतं खत मिळे. अशाच एका बिऱ्हाडातलं जोडपं एका भर दुपारी दवाखान्यात आलं. पुरुष पन्नाशीचा, तोंड वाकडं करून आलेला. बाईच्या हातात दोरी आणि दोरीला एक उंच, काळा कुत्रा.

"उजवा मागचा पाय नीट टेकत न्हाय," तो म्हणाला. "धा-बारा दिस झालं. सोमवारी आमचा मुक्काम हलतोय. चालणार आसंल तर सांगा. न्हायतर हितंच कुनाच्या तरी वस्तीवर सोडून जातो."

"सोडायचं न्हाय," बाई म्हणाली. ती हे नवऱ्याला नाही, कुत्र्याकडे बघून म्हणाली.

मी कुत्र्याला अंगणात चालवून बघितलं. शेपूट पोटाखाली घालून तो बऱ्यापैकी चालला. मग सुतळीने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी बोटभर बारीक भरली. म्हणजे त्या पायावर तो भार देत नव्हता, हे नक्की. खुब्यावर हात दाबला मात्र, कुत्रा कळवळून ओरडला आणि माझ्या मनगटावर झेपावला. तिथले केस तेलकट, काजळी लागलेले होते. मेंढपाळाचं कुत्रं, मळकटच असणार, असं म्हणून मी हात पॅन्टला पुसला.

"खुब्याचा सांधा गेलाय," मी सांगून टाकलं. "मुळात ढिला असणार, आता झिजलाय. याला औषध नाही. हा आता मेंढरांमागे पळायचा नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, दुःखाने बघितलं असेल. कॉलेजात शिकलेलं निदान पहिल्यांदाच एका कुत्र्यावर करायला मिळालं म्हणून मी त्या दिवशी मोठ्या खुशीत जेवलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई एकटीच दारात उभी. "चला," म्हणाली. "दुपारी बघून काय उपेग? कुत्रं उठताना बघा."

मला राग आला. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी मुकाट्याने चपला घातल्या आणि तिच्या मागे निघालो. चालता चालता ती म्हणाली की नवऱ्याने काल संध्याकाळीच एका वस्तीवर शब्द टाकला होता. सोमवारी कुत्रा तिथे बांधायचा होता. तिला रात्री भाकरी गोड लागली नव्हती.

बिऱ्हाड एका काळ्या रानात होतं. कुत्रा घोंगडीवर निजला होता, तोही नेहमीसारखा नाही. उजवा पाय अंगाखाली न घेता बाजूला पसरून. बाईने हाक मारली. तो आधी पुढच्या पायांवर उठला, मागचं अंग ओढून घेतलं आणि उजव्या पायाची फक्त बोटं टेकवून उभा राहिला. पहिली वीसेक पावलं सपशेल लंगडला. मग मेंढ्या उठल्या, आणि हा पठ्ठ्या असा धावला की जणू पायाला काही झालंच नाही. माझ्या अंगणात घाबरून चालला होता, इथे कामाच्या भरात चालत होता. खरं दुखणं दिसायचं ते या दोन्हींच्या आधी, अंथरुणातून उठताना. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

बाईने त्याला मांडीवर घेतलं. "आता हात लावा. आन् हे बघा." तिने खुब्यावरचे केस बाजूला केले. खाली रुपयाएवढा गोल डाग होता, अजून ओला. वरून तेल आणि काजळी फासलेली.

मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "ओरडू नगा. तुमी ओरडता म्हनून तर ह्यांनी सांगू दिलं न्हाय."

म्हणजे काल कुत्रा ओरडला तो भाजल्या जागी दाबलं म्हणून. सांधा कुठला आणि झीज कुठली! माझ्या आरडाओरड्याने डागणं कमी झालं होतं अशी माझी समजूत होती. कमी झालं होतं ते फक्त सांगणं. मला इतकी लाज वाटली की काही वेळ मी नुसताच कुत्र्याचं डोकं खाजवत बसलो.

"झालं कसं?" मी शेवटी विचारलं. हे कालच विचारायला हवं होतं.

लांडग्यामागे पळताना त्याचा पाय भेगेत अडकला होता. उन्हाळ्याच्या तोंडाला काळी जमीन अशी फाटते की हात कोपरापर्यंत आत जातो. पाय आत, आणि अंग वळलेलं. ऐकता ऐकता मी दोन्ही गुडघे चाचपले. उजवा चांगला जाडसर लागला. डाग सोडून, गुडघा दुमडूनच खुबा सगळीकडे फिरवून बघितला. कुत्रा हूं की चूं नाही. मग एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगीचं, आणि हलकेच पुढे ढकललं. नडगी टेबलाच्या खणासारखी जराशी पुढे सरकली. डाव्या पायाची सरकेना. गुडघ्याच्या आतला बंध ताणला होता, थोडा तुटलाही असेल. काल भीतीने त्याच्या अंगाचं लाकूड झालं होतं. काल गुडघा धरला असता तरी हे सरकणं सापडलं नसतं. बाईच्या मांडीवर तो लोण्यासारखा सैल पडला होता.

नवरा लांबून बघत होता. मी त्याच्याकडे गेलो. "मामा, माझं चुकलं. खुब्याला काही नाही, गुडघा दुखावलाय. बरा होऊ शकेल. पण दीड महिना पळायचं नाही, उडी नाही. मुक्कामाला बांधून ठेवायचं."

"आन् मुक्काम हलला की?"

"सामानाच्या घोड्यावर घ्या. कोकरं घेता की."

"घोडं म्हंजे काय कुत्र्याची गाडी हाय?" म्हणत तो मेंढ्यांकडे निघून गेला. वस्तीवर टाकलेला शब्द मागे घेतला की नाही, ते काही बोलला नाही.

सोमवारी मला दुसऱ्या गावी जावं लागलं. परत येईपर्यंत रान मोकळं झालं होतं. पुढे कितीतरी दिवस कुठल्याही वस्तीवर गेलो की माझे डोळे दावणीला काळं कुत्रं शोधायचे. दिसलं नाही म्हणजे बरोबर नेलं असेल, असं मी स्वतःला समजावायचो.

मृगाच्या आधी बिऱ्हाडं परत सांगोल्याकडे निघाली, तेव्हा ते जोडपं दवाखान्यात आलं. कुत्रा त्यांच्या पुढे होता. मी त्याला मागून बघितलं, बाजूने बघितलं, बसवून उठवलं. गुडघा थोडा जाड राहिला होता, पण चारही पावलं सारखी पडत होती. मला इतका आनंद झाला की साहेबपणा विसरून मी मोठ्याने हसलो.

"घोड्यावर नीट बसला ना?" मी विचारलं.

बाईने तोंडाला पदर लावला. "घोडं कुटलं वो! कुत्रं पाठीवर आलं की उधळायचं. पयल्याच दिशी घोडं आन् कुत्रं दोनी बी पडत व्हती."

"मग?"

तिने हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं. "ह्यांनी नेलं. खांद्यावर. नदीपत्तुर, नदीच्या पल्याड, आन् मुक्काम हालंल तितं. दीड म्हैना म्हनाला व्हता न्हवं तुमी? दीड म्हैना."

तो कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत बसला होता. मान वर न करता माझ्यावरच खेकसला, "मग? अर्ध्या वाटंत खाली ठिवतो व्हय?"